बीपी कोसळलेल्या पेशंटला इंडक्शनला (भूल सुरू करताना) काय वापरता? (सांगली-मिरज परिसरातले अनुभव हवेत)

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ आहे. विटा, तासगाव, पलूस या पट्ट्यातल्या छोट्या हॉस्पिटलांत फ्रीलान्स काम करतो. रात्री फोन येतो, "फुटलेली एक्टोपिक आहे, बीपी लागत नाही, किती वेळात पोचताय?" (एक्टोपिक म्हणजे गर्भाशयाबाहेरचा गर्भ) आणि पोचल्यावर तिथल्या ट्रॉलीत जे असेल त्यावर भागवायचं असतं. झोपवायच्या औषधांपैकी प्रोपोफॉल सगळीकडे असतं. थायोपेंटोन क्वचित. केटामाइन असलंच तर कुलपात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते घरी गेलेले. इटोमिडेट मी माझ्या बॅगेत ठेवतो.

प्रश्न सरळ आहे. शॉकमधला (रक्ताभिसरण कोसळलेला) पेशंट, पोट भरलेलं, ऑपरेशन थांबवता येत नाही. तुमचं पहिलं औषध कोणतं आणि डोस किती? माझा कौल आजवर केटामाइनला होता. पण अलीकडच्या चाचण्या वाचून वाटतंय की "शॉक म्हणजे केटामाइन" हे आपण फार डोळे झाकून म्हणतो. पुस्तकातलं सगळ्यांना ठाऊक आहे, प्रत्यक्ष काय करता ते लिहा.

द्राक्षवेल
केटामाइन. पुढचा प्रश्न?

माणदेशी
आटपाडीकडं आम्हाला निवड कुठली हाय ओ? जे कपाटात ते हातात. २०१३ ला केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक निर्बंधाच्या औषधांच्या यादीत) गेल्यापासून बारक्या दवाखान्यांनी ठेवायचंच बंद केलं. वेगळं लायसन, वेगळी नोंद, कुलूप, तपासणी. कोण एवढ्या उठाठेवी करतंय? ज्या औषधावर ग्रामीण भाग तरला तेच गावात मिळंना झालंय. दुरुपयोग व्हायचा, मान्य. पण रात्री दोन वाजता पीपीएच (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव) झालेली बाई टेबलवर असती तेव्हा ते नियम करणारं कुणी नसतंय तिथं.

मिरजकर_भूल
येरळाकाठ, प्रश्न चांगला आहे, पण "कोणतं औषध" हा त्यातला दुसरा भाग झाला. पहिला भाग असा की औषध देण्याआधी तुम्ही काय काय करून ठेवलंय.

मागच्या गळीत हंगामातली केस सांगतो. ऊसतोडीच्या टोळीतला तरुण, ट्रॉली उलटून अंगावर आलेली. प्लीहा फुटलेली, पोट टच्च. नाडी १४०, वरचं बीपी ७०, पांढराफटक, पण बोलत होता. बायको बाहेर, मूल कडेवर. सर्जन म्हणाले, चला लवकर. मी म्हटलं, पेशंट आत घ्या, पण मी सांगेपर्यंत भूल नाही. दोन्ही हातांना १६ नंबरच्या सुया लावल्या. पहिली रक्ताची पिशवी दाबून चढवायला सुरुवात केली. पेशंट जागा असतानाच पोट रंगवून ड्रेप (निर्जंतुक कापड) घातले, सर्जन हात धुऊन सुरी घेऊन उभे. एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन १०० मिली सलाईनमध्ये घातलं, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम, आणि त्यातलं १० मिली सिरिंजमध्ये भरून लेबल लावून डाव्या हाताशी ठेवलं. सक्शन चालू करून उशीखाली.

मग केटामाइन. वजन साठच्या आसपास. पूर्ण डोस १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, मी अर्ध्या मिलिग्रॅमने दिलं, एकूण ३०. त्यामागे रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो, पूर्ण. शॉकमध्ये भुलीचं औषध कमी करायचं, स्नायू सैल करणारं कमी करायचं नाही, उलट वाढवायचं. आणि थांबायचं. हातातून मेंदूपर्यंत रक्त पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. पेशंट झोपला नाही म्हणून घाईने दुसरा डोस देतात आणि मग दोन्ही एकदम पोचतात. अर्धे घात तिथे होतात.

श्वासनळीत नळी गेली, बीपी ६५ झालं, अ‍ॅड्रेनॅलिनचे दोन छोटे डोस दिले, ८० वर आलं. पोट उघडल्यावर परत खाली गेलं, कारण पोटातल्या दाबाने रक्तस्राव धरून ठेवला होता. पण सर्जनचा हात तोवर प्लीहेच्या मुळाशी होता. मुलगा चालत घरी गेला.

हेच सगळं तयार ठेवून इटोमिडेट दिलं असतं तरी तो वाचला असता असं मला मनापासून वाटतं. आणि तयारीशिवाय केटामाइन दिलं असतं तर वाचला नसता.

थिएटर_सिस्टर
सरांचं ते लेबलचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. केटामाइनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, मिलीला १० आणि मिलीला ५०. दिसायला जवळपास सारख्याच. घाईत "केटामाइन दोन मिली द्या" असं कुणी ओरडलं तर ते २० मिलिग्रॅम की १००? आमच्या थिएटरला मी नियमच केलाय, डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये सांगायचं, मी मिलिग्रॅममध्ये परत म्हणायचं, मगच सुई टोचायची. ५० वाली बाटली असेल तर दोन मिली घेऊन दहा मिली करते, म्हणजे मिलीला १०. डोकं शांत राहतं.

आयसीयूवाला
मिरजकर सरांशी सहमत, पण आकडे समोर ठेवतो, कारण द्राक्षवेलने एका शब्दात निकाल लावलाय.

२०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला एकाच हॉस्पिटलात ८०१ पेशंटवर चाचणी झाली, इटोमिडेट विरुद्ध केटामाइन. सात दिवसांनी जिवंत असणारे केटामाइन गटात सुमारे ८५ टक्के, इटोमिडेट गटात ७७. सगळे केटामाइनच्या मागे धावले. पण २८ दिवसांवर तो फरक टिकला नाही. त्याआधी २००९ ला फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीतही निकालात मोठा फरक नव्हता, फक्त अ‍ॅड्रिनल ग्रंथी दबण्याचं प्रमाण इटोमिडेटमध्ये जास्त होतं.

आणि २०२५ च्या शेवटी अमेरिकेतल्याच अनेक केंद्रांची दोन हजारांहून जास्त पेशंटची चाचणी आली. २८ दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे. नळी घालताना रक्ताभिसरण कोसळण्याचं प्रमाण मात्र केटामाइनमध्ये जास्त, २२ टक्के, इटोमिडेटमध्ये १७. म्हणजे ज्या कारणासाठी आपण केटामाइन निवडतो तिथंच ते मागे पडलं.

याचं कारण शरीरातच आहे. केटामाइन बीपी वाढवतं ते पेशंटच्या स्वतःच्या कॅटेकोलामाइनच्या (शरीरातल्या बीपी वाढवणाऱ्या द्रव्यांच्या) जोरावर. हृदयावर त्याचा थेट परिणाम दाबणाराच आहे. ट्रॉलीखाली सापडलेल्या तरुणाकडे तो साठा शिल्लक असतो. तीन दिवस पोट फुटून सेप्सिसमध्ये (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गात) कुजत पडलेल्या आजोबांकडे नसतो. त्यांना केटामाइन दिलं की बीपी वाढायच्या ऐवजी खाली येतं आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

द्राक्षवेल
सर, मग सेप्टिकला इटोमिडेट? त्याने अ‍ॅड्रिनल दबतं ना? परीक्षेत तेच लिहिलं होतं.

आयसीयूवाला
दबतं. ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अडतं, कॉर्टिसॉल तयार होणं मंदावतं, एका डोसनंतरसुद्धा साधारण दिवसभर, आजारी माणसात त्याहूनही जास्त. १९८३ मध्ये आयसीयूत इटोमिडेटचं इन्फ्युजन (सतत थेंबाथेंबाने) चालवलेल्या पेशंटमध्ये मृत्यू वाढल्याचं लक्षात आलं आणि तेव्हापासून इन्फ्युजन बंदच झालं. एका डोसने मृत्यू वाढतात का यावर अजून भांडण चालू आहे. माझं वैयक्तिक मत: सेप्टिक शॉकमध्ये मी केटामाइन कमी डोसने देतो, पण आधी नॉरॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) चालू करून. सेंट्रल लाइनची (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीची) वाट बघत नाही. कोपराजवळच्या जाड, खात्रीच्या शिरेतून थोडा वेळ चालतं, फक्त कुणीतरी हाताकडे लक्ष ठेवायचं.

आणि नुसत्या सलाईनवर भरवसा ठेवू नका. नळी घालण्याआधी अर्धा लिटर सलाईन देऊन बीपी पडणं टळतं का, हेही २०२२ मध्येच तपासलं गेलं. टळलं नाही. रक्त गेलंय त्याला रक्तच द्यायचं, तो वेगळा विषय.

वारणेचा_वाघ
प्रोपोफॉलला सगळे वाळीत का टाकताय? मी गेली कित्येक वर्षं प्रोपोफॉलच वापरतो. २०-३० मिलिग्रॅम हळूहळू, सोबत बीपी वाढवायला मेफेंटरमिन. काही होत नाही.

मिरजकर_भूल
वारणेचा_वाघ, तुमचा हात चांगला आहे म्हणून होत नाही. रक्त कमी असताना शरीर जे काही रक्त आहे ते मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, त्यामुळे तेवढाच डोस मेंदूत जास्त पोचतो. शिवाय प्रोपोफॉल रक्तवाहिन्या सैल करतं, आणि शॉकमधला माणूस आवळलेल्या रक्तवाहिन्यांवरच जिवंत असतो. तुम्ही २० ने देता. तुमचं बघून उद्या एखादा ज्युनिअर नेहमीच्या २ मिग्रॅ प्रति किलोने १२० देईल. औषध निवडताना दुसऱ्याच्या हातून किती चूक खपेल हेही मी बघतो.

मेफेंटरमिनबद्दलही सावध राहा. आपल्याकडे ते सगळीकडे मिळतं आणि स्पायनलनंतर (पाठीत सुई देऊन कमरेखाली दिलेल्या भुलीनंतर) उत्तमच आहे. पण तेही बरंचसं पेशंटच्याच साठ्यावर चालतं. साठा संपलेल्या माणसात तिसऱ्या-चौथ्या डोसला काहीच हालचाल दिसत नाही. तिथे थेट काम करणारं औषध हवं, नॉरॅड किंवा अ‍ॅड्रेनॅलिन.

वारणेचा_वाघ
ज्युनिअरचा मुद्दा मान्य. साठ्याचाही मान्य. पण जिथं केटामाइन नाही, इटोमिडेट नाही, तिथं प्रोपोफॉलच कमीत कमी डोसने द्यायचं हेही कुणीतरी शिकवलंच पाहिजे. नाहीतर पोरं हातपाय गाळून बसतील.

येरळाकाठ
वाघ सर, हे अगदी माझ्या मनातलं बोललात. त्याच कारणासाठी धागा काढलाय.

माणदेशी
अवांतर: थायोपेंटोनवरनं आठवलं. पर्ल हार्बरला बॉम्ब पडले (१९४१) तेव्हा जखमींना थायोपेंटोन देऊन बॉम्बपेक्षा जास्त मारले अशी गोष्ट आमच्या सरांनी सांगितली होती. खरं हाय का?

मिरजकर_भूल
आम्हालाही तीच सांगितली होती. १९४३ मध्ये एका सर्जनने तसा लेख लिहिला आणि गोष्ट पसरली. पण १९९० च्या दशकात त्या वेळच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ती फार फुगवलेली निघाली. रक्त गेलेल्या माणसाला पूर्ण डोस दिला तर घात होतो, हा धडा मात्र खराच आहे. थायोपेंटोन शॉकमध्ये मी देत नाही.

सर्जन_कुपवाड
सर्जनांची बाजू मांडायला कुणीतरी हवं म्हणून आलो. आम्ही "सुरू करू का, सुरू करू का" असं विचारतो ते छळायला नाही ओ! रक्त आत वाहतंय हे आम्हाला दिसत असतं.

पण एक विचारतो. अशा पेशंटला स्पायनल दिलं तर? नळी नको, झोपवायला नको.

मिरजकर_भूल
नाही. नाही. आणि नाही.

स्पायनलने कमरेखालच्या सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात. रक्त गेलेल्या माणसाचा तो शेवटचा आधार काढून घेण्यासारखं आहे, आणि दिलेलं स्पायनल परत घेता येत नाही. तुम्ही ड्रेप घालून तयार राहा, मी झोपवल्याच्या दुसऱ्या मिनिटाला सुरी लावा. तुमचा तेवढा वेग हीच माझी सगळ्यात मोठी मदत.

सर्जन_कुपवाड
दादा, कबूल. पुढच्या वेळी नुसता "सुरू करू का" विचारणार नाही, "ड्रेप झालं, मी तयार" असं सांगेन.

थिएटर_सिस्टर
हे वाक्य फ्रेम करून थिएटरमध्ये लावते. 🙏

हळदबाजार
मी डॉक्टर नाही, सांगलीत हळदीचा व्यापारी आहे. पण धागा पूर्ण वाचला. माझ्या आईचं आतडं फुटलं होतं तेव्हा भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या की बीपी कमी आहे म्हणून भूल हलकी देणार. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. हलकी भूल म्हणजे आईला कळत होतं का? दुखत होतं का? ती नंतर काही बोलली नाही, पण माझ्या मनात राहिलंय.

आयसीयूवाला
हळदबाजार, विचारलंत हे फार चांगलं केलंत.

शॉकमध्ये मेंदूला औषध कमी पुरतं, त्यामुळे आम्ही कमी देतो म्हणजे तुमच्या आईला कमी मिळालं असं नाही. तरीही अशा केसमध्ये शुद्ध अर्धवट राहण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते हे खरं आहे. म्हणून बीपी थोडं सावरलं की आम्ही लगेच भूल वाढवतो, छोट्या छोट्या डोसने. केटामाइन दिलं असेल तर त्याच औषधात वेदनाशमनही असतं, हा त्याचा मोठा गुण. आई काही बोलल्या नाहीत म्हणजे बहुधा काही आठवत नसेल. तरी कधीतरी निवांत विचारा. काही आठवत असेल तर त्या मॅडमना जरूर सांगा, त्यांना ते ऐकायचंच असेल.

मिरजकर_भूल
यात एक भर. मी पेशंटच्या कानाशी बोलत राहतो, झोपला असं वाटलं तरी. "मी इथंच आहे, तुमचं ऑपरेशन चालू आहे, सगळं ठीक चाललंय." खर्च काही नाही. आणि अशा प्रत्येक पेशंटला दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारतो.

हळदबाजार
धन्यवाद. आज विचारतोच.

कराडकर
उशिरा आलो. कराडला कार्डिअ‍ॅक भूल देतो. तुमची चर्चा रक्तस्राव आणि सेप्सिसभोवती चाललीय, पण "अस्थिर" म्हणजे एवढंच नाही.

महाधमनीची झडप आवळलेले आजोबा मांडीचं हाड मोडून येतात. त्यांना केटामाइन देऊन नाडी १३० केलीत तर हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही. तिथे इटोमिडेट ०.२ मिग्रॅ प्रति किलो, सोबत वेदनेसाठी थोडं फेंटानिल, आणि फिनाइलएफ्रिन तयार. १० मिलिग्रॅमची अँप्यूल १०० मिलीत, म्हणजे मिलीला १०० मायक्रोग्रॅम. नाडी संथ, दाब वर.

उलट हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचून टॅम्पोनाड झालं असेल तर केटामाइन, आणि जमेल तोवर श्वास पेशंटचाच चालू ठेवायचा. बॅग दाबून हवा भरली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त आणखी अडतं, आणि पेशंट तुमच्यासमोर जातो. शक्य असेल तर जागेपणीच सुई घालून थोडं पाणी काढून घ्या, मग झोपवा.

इटोमिडेटने हातपाय झटके मारतात, शिरेत दुखतं, नंतर उलट्या होतात. नवीन मंडळींनी ते झटके बघून फिट आली म्हणून घाबरू नये.

द्राक्षवेल
वाचनखूण साठवली. माझं पहिलं एका शब्दाचं उत्तर जरा घाईचं होतं एवढं नक्की. डोक्याला मार असेल तर केटामाइन नको, हे तरी अजून खरं आहे का?

आयसीयूवाला
केटामाइनने मेंदूतला दाब वाढतो ही भीती १९७० च्या दशकातल्या छोट्या अहवालांतून आली. पुढच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं बीपी पडू देणं हे मेंदूसाठी कितीतरी जास्त घातक आहे. मी देतो.

माणदेशी
आणि द्राक्षाच्या पट्ट्यातलं एक, कुणी बोललंच नाही. फवारणीचं औषध पिलेला पेशंट. ऑरगॅनोफॉस्फेट. तोंडातनं फेस, नाडी मंद, श्वास अडकलेला. नळी घालायची तर स्कोलीन (स्नायू झटपट सैल करणारं) नको. ते मोडणारं एन्झाइमच विषानं बंद पडलेलं असतंय, मग मिनिटांचं काम तासांवर जातंय. रोक्युरोनियम द्या. केटामाइननं लाळ वाढती म्हणून अ‍ॅट्रोपिन आधी भरपूर, तसं ते या पेशंटला द्यायचंच असतंय.

कराडकर
+१. फार मोलाचं.

येरळाकाठ
सगळ्यांचे आभार. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. रक्तस्रावाचा तरुण पेशंट: केटामाइन अर्ध्या मिलिग्रॅमपासून. हृदयाचा पेशंट: इटोमिडेट. सेप्टिक: आधी नॉरॅड, मग कमी डोसचं केटामाइन, ते नसेल तर इटोमिडेट. काहीच नसेल तर वाघ सरांचं २०-३० मिलिग्रॅम प्रोपोफॉल. आणि प्रत्येक ठिकाणी पातळ केलेलं अ‍ॅड्रेनॅलिन आधी. नाडी भागिले वरचं बीपी ०.९ च्या वर असेल, तर बीपी १०० दिसलं तरी पेशंट अस्थिरच धरणार.

हळदबाजार
पुन्हा आलो, माफ करा. आम्ही नातेवाईक मंडळी अशा वेळी काय माहिती दिली तर तुम्हाला उपयोग होतो?

मिरजकर_भूल
शेवटचं खाणं-पिणं कधी. बीपीच्या, शुगरच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, शक्यतो पाकीटच घेऊन या. हृदयाचा त्रास. आधीच्या भुलीत काही झालं होतं का. आणि एक प्रश्न लोक लपवतात: गुडघेदुखीची, दम्याची "पुडी" कुठून घेता का? अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड असतं. वर्षानुवर्षं घेतलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं थांबतं, आणि भुलीनंतर बीपी कशालाच दाद देत नाही. चेहरा गोल सुजलेला, हातपाय बारीक, कातडी पातळ, जागोजागी निळे डाग असले की मी स्वतःच विचारतो. त्या पेशंटला इटोमिडेट नाही, आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आधी.

थिएटर_सिस्टर
सर, पुडीचं "औषध काही चालू आहे का" असं विचारलं तर नाहीच म्हणतात, त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. मी "गुडघ्याला काय घेता?" असं विचारते, मग पिशवीतून काढून दाखवतात.

येरळाकाठ
सिस्टर, उद्यापासून हाच प्रश्न, याच शब्दांत. हायड्रोकॉर्टिसोन बॅगेत टाकलं. कुणाकडे इटोमिडेटच्या जवळच्या एक्सपायरीच्या बाटल्या पडून असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, पलूस आणि विट्याच्या दोन थिएटरना हव्या आहेत, मी स्वतः येऊन नेईन.